प्राचीच्या खांद्याचं माप

भिवंडी,
मंगळवार दुपार

प्रिय दादा,

तुला जाऊन दोन वर्षं होत आली. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा तुला पत्र लिहितोय, आणि तेही भांडायला. घरात दुसरं कुणी भांडायला नाही. मुलगा कामावर, सून मानकोलीच्या गोडाऊनमध्ये ड्युटीला, नातू रोहित कॉलेजात. आणि जिच्यामुळे हे सगळं चाललंय ती नात प्राची आतल्या खोलीत गालाला बर्फ लावून पडली आहे. तुझ्या फोटोशी बोलून बघितलं. तू नुसता हसतोस. म्हणून वही काढली. सातवी नापास माणसाचं अक्षर आहे, समजून घे. नाही घेतलंस तरी चालेल, आज मला तुझी पर्वा नाही.

दादा, मरायच्या आधी माणसानं सगळं नीट सांगून जावं की नाही? तू काय सांगितलंस? दवाखान्यातल्या खाटेवर माझा हात धरून एवढंच म्हणालास, "काशा, रस्त्याला गेलेल्या जमिनीच्या तुकड्याचं पैसं प्राचीचं हाय. एकवीस झाली की तिला बंदूक घे." बस. कुठली घे, कुणाला विचारून घे, तू आयुष्यभर ज्याची टिंगल केलीस त्या भित्र्या भावानं बंदुकीच्या दुकानात जाऊन काय बघायचं, हे कोण सांगणार होतं?

तुला ठाऊक होतं मला या वस्तूची भीती वाटते. चाळीस वर्षं मी कापड विणणाऱ्या लूमच्या खडखडाटात काढली, पण तू दिघाशीच्या शेतात डुकरांवर एक बार काढलास की मी कानात बोटं घालून खाली बसायचो. तू हसायचास. वहिनी गेल्यावर तुला कुणी अडवणारं राहिलं नाही. आणि त्यात तू माझी नात ओढलीस.

सात वर्षांची होती ती. दिवाळी झाली की तू अख्ख्या आळीतल्या विझलेल्या पणत्या गोळा करायचास. बांधावर मला उभा करून एकेक पणती हवेत फेकायला लावायचास, आणि तू तुझ्या त्या दुनळीनं ती फोडायचास. लाल माती भातावर पडायची. प्राची कानावर हात ठेवून तुझ्यामागे उभी. चौथ्या-पाचव्या पणतीला ती म्हणाली, "मोठे आबा, तुम्ही पणतीच्या पुढे मारता ना? ती जिथे जाणार तिथे." तू बंदूक खाली ठेवून माझ्याकडे बघितलंस. तेव्हाच मला कळायला हवं होतं की पोरगी आता माझ्या हातची गेली.

मग कॉलेजात तिला नेमबाजीचा क्लब सापडला. हवेत मातीच्या तबकड्या सुटतात आणि पोरं त्या फोडतात. उसन्या बंदुकीनं ती तीन वर्षं खेळली. तुझी दुनळी तू गेल्यावर आम्ही पोलीस ठाण्यात जमा केली, आणि तशीही ती या खेळाला चालत नव्हती म्हणे. इथे नळ्या शेजारी-शेजारी नाही, एकावर एक लागतात. मी म्हटलं, वर काय, खाली काय, आवाज तोच ना?

तिचं लायसन आलं तेव्हा तू नव्हतास. पोलीस घरी चौकशीला आले, मी त्यांना चार वेळा चहा विचारला. त्यातला एक म्हणाला, "बाबा, बंदूक नातीला हवीय, घाम तुम्हाला का फुटतोय?"

आता ऐक. ज्याच्यासाठी वही काढली ते सांगतो.

बंदूक घ्यायला आम्ही तिघं मुंबईला गेलो. प्राची, मी आणि सामान उचलायला रोहित. दुकानदार वयस्क, शांत माणूस. त्यानं दोन बंदुका पुढे ठेवल्या. एक वापरलेली, खांद्याला टेकतो त्या दस्त्यावर चरे पडलेली. दुसरी नवी, चकचकीत, तिचा लाकडी दस्ता चांगला लांब. त्यानं प्राचीला डोळे मिटून बंदूक खांद्याला लावायला सांगितली आणि मग डोळे उघडायला. जुनी लावून डोळे उघडले तेव्हा नळी थेट नजरेच्या रेषेत होती, ती हसली. नवी लावली तर मान पुढे ताणली, खांदा उचलला.

दुकानदार म्हणाला, "बाबा, ही जुनीच हिच्या मापाची आहे. नवी हिला लांब पडते."

मी काय म्हणालो माहीत आहे? मी म्हणालो, "रोहित, तू लावून बघ."

रोहितला नवी बरोबर बसली. सहा फुटी पोरगा, त्याला बसणारच. दुकानदारानं मला विचारलं, "लायसन कुणाचं आहे?"

"मुलीचं."

"मग माप या मुलाचं कशाला घेताय?"

मी त्याला बाजूला घेऊन हळू आवाजात सांगितलं, "शेट, मुलगी उद्या लग्न होऊन जाईल. वस्तू घरात राहिली पाहिजे. याचं लायसन मागाहून काढू." मला वाटलं, केवढं शहाणपणाचं बोललो मी. आपल्या घरात सगळं असंच आलं ना, दादा? बापाच्या मापाची सायकल तुझ्याकडून माझ्याकडे आली, माझे पाय पेडलला पोचायचे नाहीत. माझा शर्ट तुझ्या मापाचा. वस्तू घराची, माणसानं तिच्यात बसायचं. प्राचीच्या आत्याला लग्नात शिलाई मशीन द्यायचं ठरलं होतं तेही मी ऐनवेळी ठेवून घेतलं, सून आली की लागेल म्हणून. तेव्हा तू रागावला होतास. मग या वेळी का नाही आलास रागवायला?

दुकानदार म्हणाला, "दुसऱ्याला ही चालवता येणार नाही, कायदा आहे." मी म्हणालो, "नवीच द्या."

प्राचीनं ऐकलं होतं की नाही, मला कळलं नाही. ती फक्त म्हणाली, "चालेल, आबा."

त्या "चालेल"वर मी खूश होऊन घरी आलो. लोखंडी कपाट घेतलं. कुलूप रोज तीनदा ओढून बघतो. बंदुकीला हळदकुंकू लावायला गेलो तर प्राचीनं माझा हात धरला, "नळीत तांदूळ नको हं, आबा." मग मी कपाटालाच लावलं.

आणि तीन महिने पोरगी चुकत राहिली. उसन्या बंदुकीवर पंचवीसातल्या वीस-बावीस फोडणारी, हिच्यावर चौदा. बारा. मी रोज विचारायचो, "झोप झाली नाही का? नजर तपासून घ्यायची का? मोबाइल कमी कर." डोळ्याच्या डॉक्टरकडेही घेऊन गेलो. डोळे ठणठणीत निघाले. तिच्या गालावर निळा डाग पडायचा, खांद्यावर पडायचा. मी म्हणायचो, सवय नाही, होईल.

काल मी पहिल्यांदा तिच्या सरावाच्या रेंजवर गेलो. कानात कापूस, वर रुमाल. तिनं आवाज दिला, तबकडी सुटली, बार झाला. तबकडी अख्खीच्या अख्खी पलीकडच्या गवतात पडली. पुन्हा एक. पुन्हा एक. तिच्या कोचबाई आल्या, तिच्या कोपराखाली हात घालून बघितलं आणि विचारलं, "प्राची, ही बंदूक कुणाच्या मापाची आहे?"

दादा, मी तिथे चार हातांवर उभा होतो. प्राचीनं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. म्हणाली, "माझीच पसंती आहे, मॅडम. दिसायला आवडली."

कोचबाई चिडल्या. "दिसायला? ही काय साडी आहे?" सगळ्या पोरांसमोर बोलल्या तिला. तिनं ऐकून घेतलं. माझ्या वाट्याचं सगळं तिनं ऐकून घेतलं.

येताना आम्ही रिक्षा केली. धामणकर नाक्याला गाड्या तुंबल्या तशी माझी जीभ सुटली. "खोटं का बोललीस?"

"मग काय सांगू, आबा? आजोबांनी भावाच्या मापाची आणली?"

"तू तेव्हा ऐकलंस?"

"तुमचं हळू बोलणं रस्त्यापलीकडे ऐकू जातं. लूमवर काम केलंय तुम्ही." मग बाहेर रस्त्याकडे बघत म्हणाली, "रोहित लायसन काढेल तेव्हा त्याला होईल ती. मी खेळ सोडतेय. मानकोलीला आईच्या गोडाऊनमध्ये जागा आहे, पुढच्या महिन्यापासून जाते."

मी तिच्यावर ओरडलो. चूक माझी आणि ओरडलो तिच्यावर. एवढा की रिक्षावाला मागे वळला. "चाचा, लडकी पे क्यों गुस्सा करते हो?" मग तिच्या मांडीवरच्या पेटीकडे बघून विचारतो, "बाजा है क्या इसमें? बजाती है?"

प्राची म्हणाली, "अभी बेसुरा बजता है, भैया."

रात्रभर मी तुला शिव्या घातल्या. कारण तू असतास तर दुकानातच माझी मान धरली असतीस. आपल्या बापानं तुला पहिली बंदूक आणून दिली तेव्हा दुसऱ्याच दिवशी तू करवतीनं तिचा दस्ता दोन बोटं आखूड केलास. मी घरभर बोंबललो, नवी वस्तू नासवली म्हणून. तू भुसा झटकत म्हणालास, "खांदा माझा हाय ना? बापाचा न्हाय." एवढं तू मला दाखवलं होतंस, आणि मला नेमकं त्या दिवशी आठवलं नाही. मग तू आठवण का करून दिली नाहीस? स्वप्नात येतोस तेव्हा नुसता विडी मागतोस.

सकाळी मी कोचबाईंना फोन लावला. आकडे दाबताना दोनदा चुकलो. त्यांना म्हणालो, माप मी घेतलं होतं, नातवाच्या खांद्याचं. मुलीनं माझ्यासाठी खोटं सांगितलं. त्या म्हणाल्या, दस्ता कापून मापात आणता येतो, कारागीर आहे, उद्या या. एकदा कापला की परत लांब होत नाही, तेवढं लक्षात ठेवा. तुमच्या नातवाला मग ती कधीच बसणार नाही.

दुपारी जेवताना मी हे सगळं रोहितसमोर प्राचीला सांगितलं. माझ्या तोंडानं, दुकानात काय बोललो तेसुद्धा. घास तसाच हातात होता. रोहित म्हणाला, "आबा, मला कुणी विचारलं होतं का? मला बंदूक नकोच होती." आणि उठून कॉलेजला गेला. प्राचीनं ताट उचललं. बर्फ घेऊन आत गेली. उद्या येणार की नाही, तेही सांगितलं नाही. तुला माहीत आहे मला असं ताटकळणं सोसत नाही.

आत्ताच दारातून डोकावली. "उद्या किती वाजता निघायचं, आबा?" एवढंच.

दादा, माझा तुझ्यावरचा राग गेलेला नाही. पण एक शब्द देतो. उद्या तो कारागीर पेन्सिल घेऊन विचारेल, किती कापायचं. त्याला वाटेल म्हातारा बरोबर आलाय, म्हातारा सांगेल. माझ्या तोंडाशी येईल की थोडंच काप, पुढेमागे कुणाला तरी उपयोगी पडेल. मी ओठ मिटून बसेन. प्राची खांद्याला बंदूक लावेल, डोळे मिटेल, उघडेल, आणि जिथे बोट ठेवेल तिथेच रेघ पडेल. ती लग्न करून जाईल तेव्हा ती पेटीही तिच्याबरोबर जाईल. आणि लग्न नाही केलं तरी ती तिचीच.

गप्प बसणं मला किती जड जातं, ते तुझ्याइतकं कुणाला माहीत नाही.

तुझा धाकटा,
काशा