भगरीचा निरोप

आई, तुझ्यासाठी एक निरोप आहे. सोमवारी माळीवाडा स्टँडवर मिळाला आणि आज गुरुवार उजाडला तरी माझ्याच्यानं पोचवणं होईना, म्हणून कागद घेऊन बसले. तुला जाऊन एकवीस वर्षं झाली, हे मला कळतं. शिवाय छापील पवित्र शास्त्र तू बोट ठेवून वाचायचीस, पण माझं अक्षर काही तुला कधी लागलं नाही. तू असतीस तरी हे मीच मोठ्यानं वाचून दाखवलं असतं, आणि मध्येच तू म्हणाली असतीस, "आटप लवकर, दूध उतू जातंय."

तर मुळापासून सांगते. शाळेतून रिटायर झाले आणि घरात बसून ह्यांचं डोकं खायला लागले. तेव्हा ह्यांनीच मला आपल्या देवळातल्या महिला मंडळात ढकललं. दर रविवारी चर्चची उपासना सुटली की आम्ही सात-आठ बायका स्टँडवर उघड्यावर राहणाऱ्या माणसांसाठी जेवण घेऊन जातो. सलाम-नमस्कार करतो, शेजारी बसतो, कुणाच्या पायाला पट्टी बांधतो, कुणाची नखं काढतो. पाळकसाहेबांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं की प्रार्थना कुणी मागितली तरच करायची, आणि तीही भात निवायच्या आत संपवायची. मला हे काम मनापासून आवडतं. उपदेश चालू असताना माझं अर्धं चित्त मागच्या पातेल्यात असतं, हे फक्त तुलाच सांगते.

तिथं लिंबाच्या झाडाखाली एक म्हातारी असते, पाथर्डीकडची. तीन महिने तिनं आमच्या हातचं पाणीसुद्धा घेतलं नाही. "बाटवताल मला," म्हणायची. मी आपली चिकाटीनं जाऊन नुसती बसायचे, तिच्या गुडघ्यांची आणि सुनेची गाऱ्हाणी ऐकायचे. शेवटी ती घ्यायला लागली, पण फक्त माझ्या हातचं. मग काय विचारतेस, मी मंडळात ताठ मानेनं फिरायला लागले. गर्वाचं घर खाली म्हणतात ते काही उगीच नाही.

ईस्टरनंतरचा रविवार होता, म्हणून आम्ही हौसेनं अंडाबिर्याणी केली होती. मी पुडा सोडून तिच्यापुढं धरला. ती म्हणाली, "आज एकादस हाय बाई. न्हाई खात." आता आपल्या मंडळीच्या कॅलेंडरवर महिन्याचं वचन असतं, गुड फ्रायडे असतो, एकादशी कुठून असणार? ती चूक मी स्वतःला माफ करून टाकली असती. पण पुढं मी जे बोलले ते नाही करता येत. "भुकेल्याला कसला आलाय उपास, मावशी? देवाला चालतं सगळं," असं म्हणून मी तो पुडा तिच्या मांडीवर ठेवला. लेंटच्या उपासाचे चाळीस दिवस चहा सोडून आमच्या अख्ख्या केडगावला ऐकवत हिंडलेली बाई मी. म्हातारीनं पुडा दोन बोटांनी उचलून बाजूला ठेवला. म्हणाली, "एवढंच ऱ्हायलंय माझ्यापाशी. त्ये बी घेताल व्हय?" आणि बोचकं उचलून भिंतीपलीकडं गेली.

पुढचे दोन रविवार तिनं माझ्याकडं पाठ फिरवली. दुसऱ्या बायांनी देऊन पाहिलं, त्यांचंही घेईना. ऊन असं की डोळे उघडवत नाहीत आणि तिचे हात काटक्या झालेले. मला रात्री जेवण जाईना. आपल्या एका वाक्यानं एक माणूस उपाशी राहतंय, हे काही गिळता येत नाही गं.

आणि मग तुझं स्वयंपाकघर आठवलं. आपल्या बोर्डिंगात दोन मुली एकादशी धरायच्या. तू त्यांच्यासाठी कोपऱ्यातल्या चुलीवर वेगळ्या पातेलीत भगर टाकतेस, शेंगदाण्याची आमटी करतेस. मोठ्या बाई दारात येऊन विचारतात, ख्रिस्ती बोर्डिंगात हे उपासाचं कशासाठी? तू पदर खोचतेस आणि म्हणतेस, "उपास त्यांचा, चूल माझी." बाई आल्या पावली परत जातात. मी तेव्हा दहा-अकरा वर्षांची, लई शहाणी. त्या मुलींची फजिती करावी म्हणून मी मटणाच्या कालवणाचा डाव त्यांच्या भगरीत बुडवला. तू मला मारलं नाहीस. सगळी पातेली कोंबड्यांना घातलीस, घासलीस, पुन्हा भगर टाकलीस आणि ती होईस्तोवर मला चुलीपुढं फुंकणी घेऊन बसवलंस. "दुसऱ्याच्या ताटात आपलं त्वांड घालू नये," एवढंच म्हणालीस. पन्नास वर्षांनी मी नेमकं तेच केलं.

सोमवारी एकादशी होती. या वेळी शेजारणीच्या कॅलेंडरात बघून आले. सकाळी भगर केली. तिचा असा गिचका झाला की हे म्हणाले, "पोस्टर चिकटवायला छान आहे." तरी डब्यात भरली, आमटी वेगळी घेतली, आणि रिक्षानं एकटीच स्टँडवर गेले. म्हातारी लिंबाखाली होती. मी समोर बसले आणि म्हणाले, "मावशी, त्या दिवशी माझं चुकलं. आज एकादशी आहे. भगर आणलीय. पातेलं नवं आहे, अंड्याचं नाही. घेणार का?" विचारलं आणि गप्प बसले. तीस वर्षं वर्गात बोललेल्या बाईला गप्प बसणं किती जड जातं, तुला काय सांगू.

तिनं डब्यात वाकून पाहिलं. मग स्टीलची ताटली पुढं केली. एक घास खाल्ला आणि म्हणाली, "भगर भाजली न्हाईस व्हय आधी? म्हून चिकाट झाली. जिरं बी करपलंय." मी म्हटलं, व्हय. ती खातच राहिली, आमटी दोनदा घेतली, आणि मला इतकं बरं वाटलं की डोळ्यांत पाणी आलं. मग तिनं विचारलं, "तुझी आई काय करायची गं?"

आई, या प्रश्नाचं माझं उत्तर तयार असतं. बोर्डिंगची मॅट्रन होती. कॉलेजात तेच सांगितलं, स्टाफरूममध्येही तेच. तू एकदा डिंकाचे लाडू घेऊन पुण्याला होस्टेलवर आलीस आणि माझ्या मैत्रिणी "नमस्कार मॅट्रनबाई" म्हणाल्या. तू माझ्याकडं एकदाच बघितलंस, पदर सारखा केलास, आणि त्यांना म्हणालीस, "व्हय, घ्या लाडू." त्यावर आपण कधीच बोललो नाही. सोमवारी मी म्हणाले, "बोर्डिंगात स्वयंपाकीण होती. साठ मुलींचा स्वयंपाक एकटी करायची." म्हातारीनं ताटली बोटानं पुसून घेतली. "आन् लेकीला भगर येईना? आईला म्हणावं, पोरीला नीट शिकव." मी म्हटलं, बरं, सांगते. तू नाहीस, हे मी तिला बोलले नाही.

तर हा निरोप. पोचला असं समज. हा कागद घडी करून मंडळीच्या कॅलेंडरमागं खोचणार आहे. त्या कॅलेंडरवर मी वर्षभराच्या एकादशा लाल पेनानं मांडून ठेवल्यात. पाळकसाहेब परवा घरी आले तेव्हा त्याकडं बघून नुसते हसले. पण म्हातारीला खरं काय ते मी सांगितलं नाही, आणि तुझ्यावर विनाकारण ठपका आला. भगर भाजायच्या वेळी तू मला दर वेळी हाक मारायचीस. मी म्हणायचे, "आई, अभ्यास आहे." अभ्यास नसायचा गं.