बाटलीतली फेसाची कड

आप्पा, आज तुमची आठवण आली ती लाजेनं, म्हणून लिहायला बसले आहे.

तुम्ही जयसिंगपुरात कॉलेजच्या प्रयोगशाळेत बाटल्या धुवायचा, तेव्हा रविवारी मी सोबत यायची. साबण, नळाचं पाणी, मग तीन वेळा डिस्टिल्ड वॉटर. शेवटी बाटलीत घोटभर पाणी घालून तुम्ही ती जोरात हलवायचा आणि खिडकीकडे धरायचा. पाण्याला बुडबुड्यांची कड राहिली, तर साबण अजून आत आहे. एकदा लॅबच्या मॅडमच्या मुलीच्या प्रोजेक्टच्या बाटल्या होत्या. ती स्टुलावर बसून बिस्किटं खात होती, तुम्ही तिला ‘ताईसाहेब’ म्हणत होता, आणि मी तिच्या बाटल्या मुद्दाम कशाबशा विसळल्या. तुम्ही एक उचलून खिडकीला धरली. “कड हाय की हिला.” मी म्हणाले, “तिच्याच हायत त्या.” तुम्ही सगळ्या परत टपात बुडवल्या. “बाटलीला काय म्हाईत ती कुनाची हाय? धू परत.” आणि घरी जाताना टवका उडालेलं एक बीकर माझ्या हातात दिलंत. आई अजून त्यानंच दूध मोजते.

तुम्ही यकृताच्या कॅन्सरनं गेलात तेव्हा मी नववीत होते. दारूला तुम्ही कधी शिवला नाहीत, तरी दहाव्याला आलेली माणसं आपल्याच दारात म्हणत होती, “घेत असनार. त्याशिवाय लिव्हर जातंय व्हय?” काविळीचा एक विषाणू वर्षानुवर्षं यकृतात गुपचूप राहू शकतो आणि तुमच्या रिपोर्टवर त्याचंच नाव होतं, हे मला बीएस्सीला कळलं. घरातली पहिली पदवी, आणि तिचा पहिला उपयोग म्हणजे आईला हे समजावणं. ती म्हणाली, “मला काय सांगतीस? गल्लीला सांग जा.”

आता मी घरून रोज ये-जा करून कोल्हापुरात पीएचडी करते. यकृताच्या कॅन्सरच्या पेशींमध्ये एक जनुक बंद पडलेलं असतं. ते पुन्हा चालू केलं तर पेशींची वाढ मंदावते का, एवढाच माझा प्रश्न. शेजारच्या टेबलावर काम करणारी मैत्रीण दुसऱ्या जनुकावर काम करते. जिचे निकाल आधी येतील, ती परिषदेत बोलणार. तिच्या स्कूटीचा, तिच्या इंग्रजीचा मला हेवा वाटतोच, पण खरा हेवा तिच्या फोनचा. तिचे वडील प्राध्यापक. रोज डबा खाताना ती त्यांना सांगते, “बाबा, पेशी आज पण मेल्या,” आणि तिकडून माणूस विचारतो, “कितव्या दिवशी?” आप्पा, हा प्रश्न मला घरी कुणीच विचारत नाही. माझ्या पेशी मेल्या तेव्हा आई म्हणाली होती, “मग दुसऱ्या आन की. मिळत न्हाईत व्हय?”

तिच्या पेशी तीन आठवडे मरत होत्या. पहिल्याच दिवशी, पेशींचं खाद्य भरायची बाटली तिनं धुऊन ओट्यावर ठेवली, तेव्हा मी शेजारी उभी होते. तळाशी राहिलेल्या पाण्याला कड होती. पेशी मरायला तेवढा साबण पुरतो. मी माझी बाटली उचलून निघून आले. पुढं एकदा तिनं विचारलं, “तुझ्या कशा जगतात गं?” मी म्हणाले, “नशीब.” नशिबावर माझा विश्वास नाही.

काल ती सरांना सांगत होती, “मी विषय सोडते. माझा हातच वाईट आहे.” ते ऐकून मला बरं वाटलं, आप्पा. चांगला घोटभर चहा प्यायल्यासारखं बरं वाटलं. घरी येऊन दुधाच्या त्या बीकरकडे बघवेना.

आज सकाळी मी तिची बाटली उचलते, पाणी घालते, हलवते, खिडकीला धरते. “बघ. कड आहे.” ती बघतच राहते. “अगं, साबण! हे कुणी शिकवलं तुला?” “माझ्या आप्पांनी.” लगेच ती बाबांना फोन लावते, स्पीकरवर, आणि साबणाचं सांगते. मी बाटली धरून उभी. तिचे वडील मोठ्यानं हसतात, मग म्हणतात, “तिला दे जरा. बाळा, वडील काय करतात?”

“आता नाहीत. कॉलेजच्या लॅबमध्ये बाटल्या धुवायचे.”

ते म्हणाले, “त्यांनी हे पहिल्याच दिवशी पकडलं असतं.”

“हो,” मी म्हणाले.

तिनं मला मिठी मारली. तिचा पेपर छापून येईल तेव्हा आभारात तुमचं नाव घालणार म्हणाली. म्हणजे तुमचं नाव पहिल्यांदा छापून येणार ते तिच्या कागदावर, माझ्या नाही. त्याचाही हेवा वाटला. तरी मी ‘घाल’ म्हणाले.

हे पत्र तुम्हाला पोचणार नाही, म्हणूनच लिहिता येतंय. पहिल्याच दिवशी मीही पकडलं होतं. ते तिला अजून सांगितलेलं नाही.