फ्रीजखालची पळी

गाझियाबाद, १२ मार्च १९९७

ताईस,

सरलेचा नमस्कार. इथली थंडी गेली, गुडघेदुखी तेवढी मागे ठेवून. भावजींचा खोकला कसा आहे ते कळव.

आपल्या मानसच्या वल्लरीची शाळेत प्रवेशासाठी परीक्षा झाली. चार वर्षांची नाही अजून, आणि परीक्षा. तीही कसली, तर पाटीला भोकं पाडलेली, त्यांत लाकडाचे ठोकळे बसवायचे. समोर मॅडम, नखं रंगवलेली. म्हणे मूल खेळता खेळता डोकं चालवायला शिकतं. हे सांगायला एमए व्हावं लागतं. आपण सागरगोटे खेळायचो तेव्हा कोण वही घेऊन बसलं होतं? आणि सूनबाई मयुरा रजा काढून, कडक साडी नेसून गेली, जशी तिचीच परीक्षा. मीही गेले, पण मला दाराबाहेर बसवलं.

पोरगी हुशार आहे गं. परवा म्हणाली, आजी, तू झोपेत पण बोलतेस.

पण तिथे हात मांडीवर ठेवून बसली. ठोकळ्याला बोट लावलं नाही, दाराकडे बघत राहिली. यादीतून नाव कापलं. मयुरा रडली. मानस मॅडमला मूर्ख म्हणाला. मीही म्हणाले, त्याच्याहून मोठ्यांदा.

तुलाच सांगते. निघताना मॅडमने मला बाजूला घेतलं. "माताजी, घर में इसके ब्लॉक कौन लगाता है?"

"यही लगाती है," मी म्हटलं.

खोटं बोलले. ती जरा अडली की मीच लावून देते. बटणं मी, चपलेचा पट्टा मी, ठोकळे मी. दाराकडे ती मलाच शोधत होती. त्या बयेला ते एका मिनिटात कळलं, याचाच जास्त राग येतो.

काल भातुकलीतली पळी फ्रीजखाली गेली. आजी, काढ ना. म्हटलं, पाठ धरली आहे. पाठ ठणठणीत होती. हात पदरात घट्ट धरून बसले. तिने फूटपट्टी घातली, पळी आणखी आत. मग रडली. मी उठले नाही, ताई. कसं बसले ते माझं मला ठाऊक. शेवटी तिने परातीतली कणीक उचलली, पट्टीच्या टोकाला थापली आणि आत सरकवली. पळी चिकटून बाहेर. सोबत वर्षभराचा कचरा. कणीक टाकून दिली, पण काय सांगू, नाचावंसं वाटलं.

शनिवारी पुन्हा बोलावलंय, मानसच्या साहेबांच्या ओळखीने. असल्या शाळा त्या. मयुरा म्हणते, आई, तुम्ही चलाच, ती तुमच्याशिवाय बसत नाही. मी नाही म्हटलं. ती दोन दिवस बोलत नाही माझ्याशी. कारण सांगायला जीभ रेटत नाही.

शनिवारी दहाला मी घरीच असेन. पोरीला एकटीने आत जाऊ दे.

हात आवरायला शिकणारी,
तुझी सरला