तू मागितलेली एक सही

प्रिय बापू,

ग्रंथालयाच्या या सभागृहात आज तुझी शोकसभा आहे. समोर बसलेले बहुतेक जण कधी ना कधी घर घेताना वकिलावर चिडलेले आहेत. त्यांची तक्रार मला पाठ आहे, कारण ती माझीही होती. वकील काम लांबवतो, नसत्या शंका काढतो, जमलेला व्यवहार अडवतो. तुझी आठवण सांगा म्हणून संयोजकांचा निरोप आला, आणि आयुष्यात पहिल्यांदा मी भाषण लिहून काढायला बसलो. लिहिता लिहिता त्याचं तुला पत्र झालं. माझी जीभ मोकळी सोडली की टाळ्यांच्या मागे धावते. ते तुझ्याइतकं कुणी भोगलं आहे?

तू वकील, तुझ्याकडे घराचे कागद घेऊन येणारे लोक तेच ते विचारायचे. घरपट्टी त्याच्या नावावर येते, म्हणजे घर त्याचंच ना? तू म्हणायचास, "पट्टी कोण भरतंय ते पालिका बघते. मालक कोण ते मला बघू द्या." बँक कर्ज द्यायला तयार आहे, मग कागद बरोबरच असतील ना? "बँक तिच्यापुरतं बघते. तुमच्यापुरतं कोण बघणार?" आणि विकणाऱ्याचा वकील आहेच, त्याच्याकडूनच करून घेतलं तर? यावर तू हसायचास. "लग्नात नवरीच्या मागं नवरदेवाचा मामा उभा करता का?"

मी हे सगळं तुझ्या ऑफिसात चहा पीत ऐकलेलं. तरीही माझी वेळ आली तेव्हा काय केलं?

निवृत्तीनंतर मी परभणीत घर बघितलं. विकणारा सज्जन, माझ्या व्याख्यानांना पहिल्या रांगेत बसणारा माणूस. घर त्याच्या वडिलांचं. वडील मृत्युपत्र न करता गेलेले. तू जुने दस्त तपासलेस आणि त्याला एकच प्रश्न केलास.

"तुम्हाला बहीण आहे ना? तिची सही कुठंय?"

"तिला साडीचोळी केली की, वकीलसाहेब," तो म्हणाला. "दर दिवाळीला करतो. तिचं काही म्हणणं नाही."

आपल्याकडे हे असंच चालत आलंय. भावानं साडीचोळी करायची, बहिणीनं वडिलांच्या मिळकतीवरचा हक्क सोडला असं सगळ्यांनी समजायचं, आणि कागद मात्र कुणी करायचा नाही. तू म्हणालास, "साडी नेसायला बरी आहे. त्याच्यावर दस्त होत नाही. बहिणीला आणा, त्यांना काय पाहिजे ते विचारू, हक्कसोडपत्र नोंदवू, मग खरेदी."

त्याचा चेहरा उतरला. मला लाज वाटली, आणि ती त्याची नव्हे, तुझी वाटली. बापू, तू माझ्यासाठी भांडत होतास आणि मी तुझ्यावर रागावून उठून गेलो.

त्याच आठवड्यात इथे माझं व्याख्यान होतं. विषय विश्वास. तू दुसऱ्या रांगेत बसला होतास. बोलता बोलता मी म्हणालो, "आपल्या गावात असेही विद्वान आहेत, की बहिणीनं भावाला ओवाळलं तर विचारतात, ओवाळणीची नोंदणी केली का?"

सभागृहात हशा पिकला. माना तुझ्याकडे वळल्या. तूसुद्धा हसलास. मग चष्मा काढून बराच वेळ पुसत राहिलास.

त्या दिवसापासून तू 'ओवाळणी वकील' झालास. भाजीबाजारात मागून कुणीतरी म्हणायचं. तुझ्याकडची माणसं कमी झाली का, हे मी कधी विचारलं नाही. का विचारलं नसेल? उत्तर ठाऊक होतं म्हणून.

खरेदी मी विकणाऱ्याच्या वकिलाकडून करून घेतली. माझ्या बाजूनं कोण, असं विचारल्यावर तो म्हणाला, "मी दोघांचाही आहे, सर. काळजी सोडा." मी सोडली. पुढे काही महिन्यांनी त्या बहिणीची, सुभद्राबाईंची नोटीस आली. 'वडिलांच्या घरात माझाही वाटा आहे.'

मी तुझ्या दारात आलो तेव्हा तू काय म्हणालास? "ये वसंता, चहा टाकायला सांगतो." बस्स, एवढंच. एखादी शिवी तरी द्यायचीस.

दुसऱ्या दिवशी आपण त्यांच्या गावी, पोखर्णीला गेलो. त्या अंगणात शेंगा निवडत होत्या. तू खाली बसलास आणि आधी सांगितलंस, "बाई, मी ह्यांचा वकील आहे, तुमचा नाही. तुम्हाला वेगळा वकील पाहिजे असला तर करा. मी थांबतो."

त्यांनी तुझ्याकडे निरखून पाहिलं. "इतके वकील पाहिले, पण 'मी तुमचा न्हाई' म्हणणारे तुमीच पयले. बसा, पानी देते."

पाणी दिल्यावर त्या बोलायला लागल्या. "साडी घेत हुते मी. घर मागितलं तर म्हायेर तुटतंय, म्हून गप ऱ्हायले. पन त्यानं इकलं, आन् मला इचारलं बी न्हाई. येकदा इचारलं असतं तर लय बरं वाटलं असतं." मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तुमी मास्तर ना? भाषनं करता म्हनं. तुमी तरी इचारायचं हुतं."

मी खाली बसून त्यांच्या सुपातल्या शेंगा निवडायला लागलो, बापू.

तू भावाला समजावून त्याच्याकडून त्यांचा वाटा त्यांना देववलास. त्यांच्या भाचीनं दुसऱ्या वकिलाकडून मसुदा वाचून घेतला, त्यासाठी तू आणखी थांबलास. मग सही झाली. माझं घर वाचलं. मी तुझे आभार मानले ते तुझ्या ऑफिसात, दार लोटून, चहाच्या कपावर. थट्टा भरल्या सभागृहात आणि आभार बंद दाराआड. हा कुठला न्याय? दुसऱ्या कुणी असं केलं असतं तर मी त्याला व्यासपीठावरून सोललं असतं.

आणि एक गोष्ट फक्त आपल्या दोघांत राहिली. नोंदणी कार्यालयाच्या पायऱ्या उतरताना तू विचारलंस, "वसंता, सेलूच्या घराला ताईची सही कधी घेतलीस?"

सेलूचं घर माझ्या वडिलांचं. ताई माझी थोरली बहीण, देवगाव फाट्याला दिलेली. बाप गेल्यावर घर माझ्या नावावर झालं, आणि मी दर दिवाळीला तिला साडी नेतो.

"आमची ताई तशी नाही," मी म्हणालो.

"सुभद्राबाई तरी कुठं तशा होत्या?"

एवढं बोलून तू स्कूटरला किक मारलीस. पुन्हा कधी विषय काढला नाहीस. काढायला हवा होतास. समतेवर मी किती बोललो, किती पुस्तकांचे दाखले दिले, आणि माझ्या बहिणीला एक साधा प्रश्न विचारायला मला भीती वाटत राहिली. ती 'हो, पाहिजे वाटा' म्हणेल याची भीती. तू वारलास तरी ती भीती गेली नाही.

म्हणून या सभागृहात, जिथे लोकांना तुझ्यावर हसवलं तिथेच, सगळ्यांसमोर सांगतो. त्या दिवशी बापू बरोबर होता आणि मी टाळ्यांसाठी मित्र विकला. ज्यांनी तुला 'ओवाळणी वकील' म्हटलं, त्यांच्या तोंडी तो शब्द मी घातला होता.

बापू, उद्या सकाळी मी देवगाव फाट्याला जातोय. साडी नेणार नाही. ताईला विचारणार आहे, तिच्या बाजूचा वकील तिनंच निवडावा असं सांगणार आहे, आणि ती जे म्हणेल ते दस्तात उतरवणार आहे.

आणि समोर बसलेल्यांनो, तुम्ही घर घेत असाल तर इसाराची आगाऊ रक्कम देण्याआधी स्वतःचा वकील सोबत घ्या, विकणाऱ्याच्या बहिणीच्या दारात जा, आणि तिला तुमच्या तोंडानं विचारा.

तुझा,
वसंता