माठावरचं ओलं फडकं

नागपूर,
झावळ्यांच्या रविवारच्या आधीचा शुक्रवार

प्रिय अनुग्रह,

रोज संध्याकाळी आपला फोन होतो, मग ताईला कागद कुठून आठवला, असं तुला वाटेल. कारण साधं आहे. फोनवर तू मला बोलू देत नाहीस. आईच्या डायलिसिसचा विषय काढला की तू म्हणतोस, "थांब ताई, आधी प्रार्थना करू." एकदा तुझी प्रार्थना सुरू झाली की मला तोंड उघडता येत नाही. प्रार्थनेच्या मध्ये बोलायचं नसतं हे आईने आपल्याला चिमटे काढून शिकवलं आहे. तुझं आमेन होईपर्यंत माझी भाजी करपते, आणि राग तसाच्या तसा राहतो. म्हणून लिहिते आहे. माझ्या बँकेतल्या मिनलचा भाऊ रोशन आज तुझ्या हैदराबादला निघतो आहे, त्याच्या हाती हे पाठवते. शेवटपर्यंत वाच. मध्येच डोळे मिटू नकोस.

राखेच्या बुधवारी आपल्या घरी काय चालायचं ते तुला आठवत असेल. चर्चमधून कपाळावर राख घेऊन आलो की आई आपल्याला समोर बसवून विचारायची, ईस्टरपर्यंतच्या लेंटच्या चाळीस दिवसांत कोण काय सोडणार. तू दर वर्षी काहीतरी भारी सोडायचास. गोड, क्रिकेट, एकदा तर जेवणातलं मीठ! आणि दुसऱ्याच आठवड्यात शेजारच्या चारुशीला मावशींच्या ओट्यावर जिलबी खाताना सापडायचास. मी आपला चहा सोडायचे, आणि ताप आला तरी घोट घ्यायचे नाही. आई स्वतः काय सोडते ते मात्र कधी सांगायची नाही. या वर्षी पहिल्यांदाच तिने ते मोठ्याने सांगितलं. चपला काढता काढता म्हणाली, "मी या लेंटमधी डायलिसिस सोडून राहिली." कुणी वांगी सोडावीत तसं.

मला इतका संताप आला! मी म्हटलं, अगं आई, लेंटमध्ये सोडलेली वस्तू ईस्टरला परत घेता येते. मी ईस्टरच्या सकाळी सगळ्यांच्या आधी चहा टाकते. हे तू परत कसं घेणार आहेस? तर माझ्याकडे बघून हसली. "ईस्टरलेच तर भेटते ना वं सगळं परत," म्हणाली, आणि वाटाणे सोलायला बसली. वाटाणेसुद्धा आमच्यासाठी. तिला स्वतःला मोजकेच चालतात. मी स्वयंपाकघरात जाऊन भांडी आपटली. आयुष्यभर वॉर्डात नर्स म्हणून राबलेली बाई आहे ती, डायलिसिस थांबवल्यावर काय होतं ते तिला माझ्यापेक्षा आणि तुझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. त्याचाच मला जास्त राग आला. ती न समजून बोलत असती तर तिला समजावता तरी आलं असतं.

त्या संध्याकाळी मीच तुला फोन केला. तू माझ्या बाजूने बोलशील याची खात्री होती, आणि तू बोललासही. तू रडलास. तुझ्या चर्चच्या मंडळीने साखळी उपवास धरला, रोज पहाटे तुझे आवाजी निरोप यायला लागले. आई, टिकून राहा. आई, हार मानू नकोस. देव तुला नवीन मूत्रपिंड देणार आहे, मी दर्शनात पाहिलं आहे. आई ते निरोप फोन कानाशी धरून ऐकायची, आमेन म्हणायची, आणि पदर सावरून डायलिसिसला जायला नत्थूजींच्या आटोत बसायची. मला म्हणाली, "पोरगं रडून राहिलं तिकडे. जाऊ दे." झालं. तिने जे सोडलं होतं ते तिला पुन्हा धरायला लावलं आपण दोघांनी. तेव्हा मला वाटलं, आपण जिंकलो.

टिकून राहणं म्हणजे काय असतं, बाबू, ते तुला तिकडे बसून कळायचं नाही. रागावू नकोस. राग आला तरी वाच. टिकून राहणं म्हणजे दिवसाआड धंतोलीच्या डायलिसिस सेंटरच्या त्या गल्लीत आटो उभा करायला जागा शोधणं. हाताची शीर सुजलेली असताना तिच्यात पुन्हा जाड सुई. मशीनवर असताना पायात गोळे येतात तेव्हा ती ओरडत नाही, माझं मनगट धरते. तिची नखं माझ्या हातावर आहेत, तुला फोटो पाठवू का? घरी आल्यावर ती भिंतीकडे तोंड करून पडते आणि दुसऱ्या दिवशी दुपारी जरा माणसात येते. माणसात आली की पुन्हा जायची वेळ होते. आणि महिला मंडळाच्या बायका येऊन सांगतात, देव परीक्षा बघून राहिला. कोणाची बघतो आहे, आणि कशासाठी, आणि निकाल कधी लावणार आहे? हे मी चारुशीला मावशींना तोंडावर विचारलं. त्या बिचाऱ्या जाताना माझ्याच डोक्यावर हात ठेवून गेल्या. त्याचाही राग आला.

सगळ्यात वाईट म्हणजे पाण्याचा पहारा. तुला ठाऊक आहे, डायलिसिसच्या माणसाला पाणी मापात द्यावं लागतं, जास्त झालं की ते छातीत भरतं. तो पहारा माझ्याकडे. आपल्या लहानपणीचा तो छोटा स्टीलचा पेला आहे ना, त्यातून मी तिला घोट घोट देते. कन्हानच्या काठी वाढलेली, नदीत डुंबलेली बाई, आणि भरल्या पेल्याकडे बघावं तसं माझ्याकडे बघते. संत्रं तर पोटॅशियममुळे केव्हाच बंद झालं. दारावरून संत्र्यांची गाडी जाते, आणि ही खिडकीतून वास घेते. नागपुरात राहून! मी खिडकी लावून घेते. मी काही दुष्ट नाही रे. पण रोज कुणाला पाणी नाही म्हणत राहिलं की माणूस तसा दिसायला लागतो.

तुला एक गोष्ट मी सांगितलेली नाही. मागच्या वर्षीच्या उत्तम शुक्रवारची, गुड फ्रायडेची. आपल्याकडे बारा ते तीन येशूच्या क्रूसावरच्या सात उद्गारांवर सात जण बोलतात, आणि पाचवा उद्गार, 'मला तहान लागली आहे' हा, मंडळीने कित्येक वर्षांपासून आईला देऊन टाकला आहे. बाहेर ऊन मी म्हणत होतं, पंखे गरम हवा फेकत होते. आई काठी टेकत पुढे गेली. तिचे ओठ फुटलेले. चर्चच्या पाळकसाहेबांना दया आली असावी, त्यांनी कुणाला न विचारता भरलेला काचेचा ग्लास तिच्या समोर ठेवला. तिने तहानेवर बोलायला सुरुवात केली, आणि शेवटपर्यंत त्या ग्लासाला हात लावला नाही. नुसती त्याच्याकडे बघत बोलली. बायका पदराने डोळे पुसत होत्या. पाळकसाहेब नंतर म्हणाले, असा उपदेश मी कुठल्या पाळकाच्या तोंडूनही ऐकला नाही. मलाही अभिमान वाटला, खोटं का सांगू. आटोत बसल्यावर मी तिला विचारलं, तुला एवढं कसं जमलं गं? तर म्हणाली, "जमते कायचं. पेलं असतं तर तू घरी येऊन ओरडली असती, म्हून नाही पेलं."

मी ते हसण्यावारी नेलं. या लेंटपर्यंत नेलं. दोन आठवड्यांपूर्वी, भर दुपारी, मी बँकेतून घरी आले. आई खोलीत नव्हती. स्वयंपाकघरात माठापाशी पाठमोरी उभी होती. मला वाटलं, पाणी पिते आहे, आणि मी दारातूनच आवाज चढवला. ती वळली. पाणी पीत नव्हती ती. माठ गार राहावा म्हणून आपण त्याला ओलं फडकं गुंडाळतो ना, त्याचं टोक तिच्या तोंडात होतं. चोखत होती. अनुग्रह, आपली आई. जिच्या एका शब्दावर वॉर्डातल्या शिकाऊ नर्सेस सरळ उभ्या राहायच्या, ती बाई. तिने फडकं तोंडातून काढलं, नीट पुन्हा माठाभोवती लावलं, टोक आत खोचलं, आणि मला म्हणाली, "पेला नाही वं घेतला. फडकंच होतं."

मी बाहेर येऊन पायरीवर बसले. चर्चमध्ये जावंसं वाटलं नाही, कारण तिथे मला प्रार्थना करावी लागली असती आणि माझ्याजवळ देवाला देण्यासारखी एकही चांगली गोष्ट नव्हती. मी त्याच्याशी नुसती भांडले. म्हटलं, तू सांगतोस दार ठोठावत राहा. ठोठावलं. हात सुजले. दार तिच्यासाठी उघडलेलं असलं आणि मीच तिचा पदर धरून बसले असले तर? हे तू आधी का नाही सांगितलंस? उत्तर आलं नाही. कधी येतं? तुला येतं म्हणे, तू फोनवर सांगत असतोस. मला अजून राग आहे, त्याच्यावरही आणि तुझ्यावरही. पण मी उठून आत गेले आणि तिला विचारलं, आई, राखेच्या बुधवारी म्हणालीस ते खरंच म्हणालीस का? तिने मानेनेच हो म्हटलं, आणि मग खूप वेळ रडली. मला वाटतं, कुणी तरी विचारावं याचीच ती वाट बघत होती.

मग मी तिला घेऊन डॉक्टरांकडे गेले. ते बराच वेळ तिच्याशी एकटीशी बोलले. मला बोलावून म्हणाले, हृदयही थकलं आहे, मशीन आता यांना बरं करत नाही, नुसतं ओढतं आहे. थांबायचं असेल तर त्यांना त्रास होऊ नये एवढं आपण बघू. दम लागला तर औषध आहे, फोन करा. मी पाण्याचं विचारलं. ते म्हणाले, आता तहान लागेल तेव्हा द्या. मला तिथे त्यांच्या टेबलासमोर हुंदका आवरला नाही.

तुला आता कळलं असेल. मागच्या शनिवारपासून आई धंतोलीला गेलेली नाही. दिवसाआड संध्याकाळी फोनवर ती तुला सांगते, "हो बाबू, जाऊन आली मी. तू जेवला काय?" ते खोटं आहे. ती तुझ्यासाठी बोलते आणि मी शेजारी बसून ऐकते, आणि आता माझ्याने ऐकवत नाही. त्या शनिवारी नत्थूजी नेहमीसारखे आले, खाली भोंगा वाजवला. मी उतरले. "काहून ताई, माय नाही येऊन राहिली आज?" मी म्हटलं, आता नाही येणार. त्यांनी आटो बंद केला, खिडकीकडे बघून हात जोडले, म्हणाले, "मायले सांगजा, नत्थू आला होता." त्यांना एका वाक्यात समजलं. तुला समजायला हे एवढं पत्र लागलं. आई आता फार वेळ झोपते. पाय सुजले आहेत. काल तिने संत्र्याच्या दोन फोडी खाल्ल्या आणि रस हनुवटीवरून ओघळला तरी पुसू दिला नाही. पुढच्या शुक्रवारी, उत्तम शुक्रवारी, पाचवा उद्गार मीच घेणार, असं तिने पाळकसाहेबांना सांगितलं आहे. डॉक्टर म्हणतात, त्या तोपर्यंत असतील असं धरून चालू नका. पण तू फोनवर पुन्हा रडलास तर ती उद्या उठून आटो बोलवायला सांगेल, मला पक्कं माहीत आहे. तुझ्यासाठी ती पुन्हा त्या सुया टोचून घेईल. म्हणून फोन करू नकोस. ये. पत्र वाचून झालं की मिळेल त्या गाडीने निघ. अभिषेकाच्या तेलाची बाटली आणू नकोस, तुझ्या मंडळीतल्या कुणाला सोबत आणू नकोस. प्रार्थना करायची असेल तर कर, पण तिला थांबवून घेण्यासाठी नको. तिच्या उशाशी बस आणि तिला म्हण, जा आई, मी ठीक आहे. तुझ्या तोंडून ऐकल्याशिवाय ती जाणार नाही, आणि ते माझ्या हातात नाही. तेवढं जमलंच नाही, तर काही बोलू नकोस. तिला माठातलं पाणी दे. तो छोटा पेला मी वर फळीवर ठेवून दिला आहे, मोठा ग्लास घे. काठोकाठ भरून दे. मी ओरडणार नाही.

तुझी वाट बघणारी, तुझीच,
ताई