न झालेल्या ऑपरेशनबद्दल अभिनंदन

साडूभाऊंना,

नमस्कार. तुमचं पित्त, धाकटीची कंबर आणि दर आठवड्याला वर्तमानपत्राला पत्र पाठवायची तुमची सवय, तिन्ही आटोक्यात असतील अशी आशा करतो. (पहिल्या दोन्हींवर निदान औषध तरी आहे.) इकडे तुमची मेहुणी खुशाल आहे, आणि डोळे वगळता मीही खुशाल आहे. अक्षर तिचं आहे हे तुम्ही ओळखलंच असेल. मी सांगतोय, ती लिहितेय. दोन्ही डोळ्यांतला मोतीबिंदू आता इतका पिकलाय, की परवा मी खुंटीवरच्या कोटाला 'या, बसा' म्हणालो. (हे लिहायचं नव्हतं. लिहिलंस? असू दे, हसतील चार दिवस.)

तुमचं मनगटी घड्याळ आठ महिने माझ्याकडे पडलंय, ते कधी मिळेल, असं तुम्ही धाकटीकरवी दोनदा विचारलंत. चाळीस वर्षं मी घड्याळजी म्हणून काम केलं, पण कुणाचं घड्याळ आठ दिवसांवर ठेवून घेतलं नाही. तेव्हा उशिराचं कारण माझ्याकडे मागू नका, तुमच्या त्या लाडक्या कंपनीकडे मागा. आठवतंय ना, सरकारी दवाखाना कंपनीला चालवायला दिला, तेव्हा तुम्ही आमच्याच टेबलाशी बसून, आमचाच चहा पिऊन, मला तासभर समजावत होतात? सरकारी कारभार म्हणजे गोंधळ, कंपनी म्हणजे शिस्त. सरकारी माणसाला विचारणारं कुणी नसतं, कंपनीला करारात बांधून घेतलेलं असतं. हेडमास्तरकी संपली तरी तुमचा फळा काही सुटला नाही. पुढे तर कंपनीने तुम्हाला 'नागरिक सल्लागार समिती'वरही घेतलं. आता तुम्ही कुणाला काय सल्ला देता ते देव जाणे, पण बिल्ला लावून फोटो मात्र झकास आला होता, असं तुमची मेहुणी म्हणते. मला काही दिसला नाही.

जुन्या दवाखान्याचे गोडवे गायला मी खुळा नाही हो. तिथला डोळ्यांचा डॉक्टर पाटीवर नऊला यायचा आणि प्रत्यक्षात अकराला. खिडकीच्या फुटक्या काचेला एक्स-रेची फिल्म चिकटवलेली होती, कुणाची तरी बरगडी वर्षानुवर्षं ऊन अडवत होती. सगळा विभाग एकट्या मोठ्या बाई चालवायच्या. मोठ्या बाई म्हणजे तिथल्या थोरल्या नर्स, अख्खं गाव त्यांना त्याच नावाने ओळखतं. आल्यागेल्यावर खेकसायच्या, पण कुणाचा कुठला डोळा आणि कितपत गेलाय हे त्यांना पाठ असायचं. कंपनीने त्यांना ठेवून घेतलंय म्हणे, फक्त आता त्यांनी हसायचं असं ठरवून दिलंय. मी आत गेलो तर कानावर मंजूळ आवाज आला, 'आपलं स्वागत आहे.' मला वाटलं, दुसरंच कुणी असेल. मग हळूच पुटपुटल्या, 'मेल्या, इतके दिवस कुठे होतास?' तेव्हा ओळख पटली.

पण आत पोचलो कसा, ते आधी ऐका. दारावर हा थोरला फलक: 'सरासरी प्रतीक्षा अकरा मिनिटं.' तुमच्या मेहुणीने वाचून दाखवला. मी म्हटलं, वा, साडू म्हणतो त्यात तथ्य दिसतंय. दारातल्या पहारेकऱ्याने आम्हाला अंगणात उभं राहायला सांगितलं. अंगणात आमच्याआधी साठसत्तर माणसं उभी. माझ्या खिशातल्या घड्याळाची काच मी हल्ली काढून टाकली आहे, काट्यांवर बोट ठेवलं की वेळ कळते. आम्ही उभे राहिलो तेव्हा आठ वाजून वीस मिनिटं झाली होती. साडेअकराला पहारेकऱ्याने टोकन दिलं आणि अकरा एक्केचाळीसला आमचा नंबर पुकारला. म्हणजे अकरा मिनिटं! एक मिनिट इकडचं तिकडे नाही. मी स्वागताच्या टेबलावरच्या मुलीला विचारलं, अगं बाळ, आणि बाहेरचे तीन तास दहा मिनिटं? ती म्हणाली, आजोबा, करारात प्रतीक्षा टोकन दिल्यापासून मोजतात. बाहेरचा वेळ तुमचा वैयक्तिक असतो. चाळीस वर्षं मी लोकांची घड्याळं मागे-पुढे करत आलो, साडूभाऊ, पण घड्याळाला हात न लावता वेळ गायब करायची ही कला मला कुणी शिकवली नव्हती. तुमची शिस्त ती हीच का?

डॉक्टर तर त्याहून सरस. तपासणीच्या खोलीत डॉक्टर नाही, एक पडदा आहे, आणि त्या पडद्यावर दुसऱ्या कुठल्या तरी शहरातला डॉक्टर आहे. तो म्हणतो, माझ्याकडे बघा. मी म्हटलं, बघता आलं असतं तर आलो असतो कशाला? बाजूला यंत्र धरून उभा असलेला पोरगा म्हणाला, आजोबा, थोडं डावीकडे, तुम्ही पाण्याच्या पिंपाशी बोलताय. डोळे गेलेल्यांसाठी पडद्यावरचा डॉक्टर ज्याच्या डोक्यातून निघाला, त्याला समितीतर्फे एखादी शाल घाला. दोन्ही डोळे ऑपरेशनला आलेत, आधी उजवा करू, असं पिंपाने सांगितलं. म्हणजे डॉक्टरने.

बाहेर पडताना दाराशी एक पेटी लावलेली आहे. तिच्यावर तीन बटणं: हिरवं बटण म्हणजे रुग्ण खूष, पिवळं म्हणजे ठीक, लाल म्हणजे नाराज. तुमच्या मेहुणीने लाल दाबलं. आवाज नाही. पुन्हा दाबलं, तरी नाही. हिरव्याला नुसतं बोट लागलं तर लगेच 'धन्यवाद' ऐकू आलं. आता बिघडलेलं यंत्र समोर असताना गप्प बसणं माझ्या रक्तात नाही, हे तुम्हाला माहीत आहे. स्क्रू-ड्रायव्हर माझ्या खिशात असतोच. पेटी उघडायला मला डोळे लागत नाहीत, बोटं पुरतात. चार स्क्रू काढले, तीन तुमच्या मेहुणीच्या हातात दिले, चौथा घरंगळला आणि पहारेकऱ्याच्या बुटाखाली गेला. तिथून बोंबाबोंब सुरू झाली. पण तोवर मला कळलं होतं: लाल बटणाची वायर कशालाच जोडलेली नव्हती! आत नुसती गुंडाळून ठेवलेली, विकत घेतल्यापासून तशीच.

मला मॅनेजरकडे नेलं. हा माणूस इतका गोड बोलतो, की ऐकणाऱ्याला खडीसाखर खाल्ल्यासारखी तहान लागते. कंपनीच्या मालमत्तेशी छेडछाड वगैरे सांगून झाल्यावर मी त्याला वायरीचं विचारलं. तो म्हणाला, काका, उद्घाटनापासून ती तशीच आहे, पण आजवर एकाही रुग्णाने त्याबद्दल तक्रार नोंदवलेली नाही. मी विचारलं, नोंदवायची कुठे? तर म्हणाला, त्या पेटीवर. (हसू नकोस, लिही. हे जसंच्या तसं जाऊ दे.) आणि हाच पेटीतला आकडा, शहाण्णव टक्के रुग्ण खूष, तुम्ही गेल्या महिन्यात वर्तमानपत्रात छापून आणलात! उचलली जीभ आणि लावली टाळ्याला.

आता मुख्य गोष्ट. उजव्या डोळ्याच्या ऑपरेशनची मला तीनदा तारीख मिळाली आणि तिन्ही वेळा मी डोळा होता तसा घेऊन घरी आलो. पहिल्या दोन वेळांबद्दल बोलत नाही, किरकोळ गोष्टी होत्या, तिथल्या तिथे पुढची तारीख मिळाली. तिसऱ्या वेळी त्यांनी मला हिरवा झगा चढवला, कपाळावर उजव्या बाजूला खूण केली, डोळ्यात थेंब घातले आणि बाकावर बसवलं. मग तांत्रिक अडचणी आल्या. (काय झालं? लिही ना, तांत्रिक अडचणी. खाकरतेस कशाला?) एकूण काय, ऑपरेशन झालं नाही. आणि संध्याकाळी पाच वाजता फोनवर संदेश आला: 'आपली शस्त्रक्रिया यशस्वीरीत्या पार पडली. अभिनंदन! आपल्या नव्या दृष्टीसाठी शुभेच्छा.' तुमच्या मेहुणीला तो मला वाचून दाखवावा लागला, यातच सगळं आलं. आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन असं म्हणतात. कंपनीने एकही दिला नाही, वर पोचपावती पाठवली.

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा अंगणात वैयक्तिक वेळ घालवून मॅनेजरपुढे उभा राहिलो. खुलासा असा मिळाला: ऑपरेशनच्या यादीतल्या ज्या फाईली दिवसभर उघड्या राहतात, त्या कॉम्प्युटर पाच वाजता आपोआप 'सेवा पूर्ण' म्हणून मिटवतो. त्यामुळेच कंपनीचं एकही काम अपुरं राहत नाही. माझा उजवा डोळा आता दप्तरी बरा झालेला आहे. मी म्हटलं, अहो, पण तो समोर आहे, बघा की. तो म्हणाला, काका, मला दिसतंय, पण सिस्टीमला नाही दिसत. माझं दुःख मला एवढं नेमकं सांगणारा हा पहिलाच माणूस. बऱ्या झालेल्या डोळ्याला पुन्हा तारीख मिळत नाही, मग तुमचं घड्याळ आठ महिन्यांची आठ वर्षं पडून राहिलं तर बोल कुणाला लावायचा?

सरकारने काम झटकलं, कंपनीने झेललं आणि तिने ते दारातून आत येऊच दिलं नाही, एवढंच या आठ महिन्यांत माझ्या लक्षात आलं. तुम्ही दोघं काळजी घ्या. धाकटीला आशीर्वाद.

तुमचा,
घड्याळजी साडू

ता. क. मी हे कुणापुढे हात पसरायला लिहिलेलं नाही. पण मॅनेजर असं म्हणाला, की सल्लागार समितीच्या एखाद्या सदस्याने 'हा डोळा अजून बिघडलेलाच आहे' अशी चिठ्ठी दिली, तर फाईल पुन्हा उघडता येते. तुम्ही ती द्याल तर साडू म्हणून देऊ नका, नागरिक म्हणून द्या. आणि लवकर द्या. वर जे बोललो त्यातलं एक अक्षरही मी मागे घेत नाही.

ता. क. दुसरा. भाऊजी, हे मी माझ्या मनचं लिहितेय. ह्यांना वाचता येत नाही, म्हणून जमतंय. अंगण, टोकन, पेटी, संदेश, सगळं खरं आहे, मी साक्षीला होते. पण तांत्रिक अडचण म्हणजे हे स्वतःच. पहिल्या वेळी नाव पुकारलं तेव्हा हे नळावर जाऊन बसले. दुसऱ्या वेळी पोटात दुखतंय म्हणाले. तिसऱ्या वेळी झग्यासकट मागच्या फाटकाने निघाले आणि अनवाणी, भिंती चाचपत घरी आले. मी धावत मागोमाग पोचले तर पुढच्या खोलीतल्या दुकानात बसलेले, अंगात तोच हिरवा झगा आणि पुढ्यात तुमचं घड्याळ. ते त्यांनी उघडलंय आठ महिन्यांपूर्वीच, पण जुळवता येत नाहीये. रोज एकेक चाक बोटांनी ओळखतात आणि परत डबीत ठेवतात. मला म्हणाले, अगं, बारीक कामात हात कधी घसरतो ते माझ्याएवढं कुणाला माहीत आहे? त्या दिवशी मी पहिल्यांदा ह्यांना रडताना पाहिलं.

चिठ्ठीची गरज नाही. मोठ्या बाई कंपनीच्या चोरून टेबलाखाली आपली जुनी वही ठेवतात, हातानं लिहिलेली. तिच्यात ह्यांचा उजवा डोळा अजून बाकी आहे. येत्या गुरुवारी ऑपरेशनचा डॉक्टर हाडामांसासकट येणार आहे, पडद्यावर नाही, आणि बाईंनी पहिलं नाव ह्यांचं घातलंय. मी शेजारी बसले तर हे माझ्यापुढे रडतील आणि मला काही धीर निघायचा नाही. तुमच्यापुढे मात्र मान ताठ ठेवतील, हे मी चाळीस वर्षं बघतेय. तुमच्यासमोर पळून जायचं म्हणजे वादात हरल्यासारखं, आणि ते ह्यांना मरणाहून वाईट. तेव्हा बुधवारीच या. ऑपरेशनबद्दल चकार शब्द काढू नका. घड्याळ न्यायला आलो म्हणा आणि कंपनीची भरपूर स्तुती करा, म्हणजे भांडत भांडत आत जातील.

हे विचारतायत, एवढा वेळ काय लिहितेस. पत्ता लिहितेय म्हटलं.

आणि एक. ह्यांना दिसत नसलं तरी टिकटिक ऐकू येते. येताना दुसरं घड्याळ हाताला बांधून येऊ नका.