विश्वाचा स्पीड गव्हर्नर

शांती नगर, मीरा रोड

चि. उदयराव यांस धाकूभावोजींचा आशीर्वाद. मुलाबाळांसह खुशाल असशीलच. माझा गुडघा होता तसाच आहे. तुझी सुलूताई उत्तम आहे, जरा जास्तच उत्तम आहे, म्हणून तर हे पत्र. (फोन केला असता, पण आमच्या घरात बोललेलं सगळं स्वयंपाकघरात ऐकू जातं.)

तू शाळेत विज्ञान शिकवतोस, तुला कळेल. मी गॅरेजात टेम्पोंना स्पीड गव्हर्नर बसवायचो. ड्रायव्हरने कितीही पाय दाबला तरी गाडी ठरल्या वेगापुढे जात नाही, ते यंत्र. प्रकाशापेक्षा जोरात काहीच धावत नाही असं वाचलं आणि मी तिथेच ओळखलं, विश्वाला कोणीतरी गव्हर्नर बसवलाय! आणि गव्हर्नर आला की त्याचं सील आलं, सील आलं की ते तोडणाराही आला. हे शास्त्रज्ञांना सुचलं नाही, कारण त्यांच्यातला एकही कधी टेम्पोखाली झोपलेला नाही. मी हे सुलूला वर्षभर समजावतोय. ती मेथी निवडत असते.

आता बी विंगमध्ये पंढरीनाथ म्हणून एक आहेत. विमा कंपनीतून रिटायर, बायको वारलेली, शर्टाला कडक इस्त्री. (इस्त्री स्वतः करतात, हे सुलूने मला दोनदा सांगितलं.) त्यांचं म्हणणं, लाटेत पुढे काहीच जात नाही, नुसता हेलकावा जातो, प्रकाशाचंही तसंच. रविवारी सोसायटीच्या ऑफिसात चारचौघांना हे दाखवायला त्यांना चादरीचं दुसरं टोक धरणारं कोणी हवं होतं. सुलू धावली. चादरही आमचीच, सोलापुरी! त्यांनी टोक झटकलं, लाट सुलूच्या हातापर्यंत आली आणि ती खळखळून हसली. उदय, लपवत नाही, माझा नुसता जळफळाट झाला.

मी तिथल्या तिथे जाहीर केलं की मंगळवारी दुपारी गच्चीवर प्रकाशाचा वेग मोजून दाखवतो. बाथरूमचा आरसा उन्हात धरला, मोबाइलचं घड्याळ लावलं आणि समोरच्या बिल्डिंगवर कवडसा टाकला. तिथून एक बाई ओरडल्या, "अंकल, आईना हटाओ, सासूमाँ की आँख में जा रहा है!" तरी वेळ मोजलाच, पाऊण सेकंद. पंढरीनाथ शांतपणे म्हणाले, "हा तुमच्या अंगठ्याचा वेग झाला, धाकूशेठ." सगळे हसले. सर्वात जास्त कोण हसलं ते लिहीत नाही.

तुझा,
धाकूभावोजी

ता. क. : मूळ काम राहिलंच. शाळेच्या कागदावर, शिक्का मारून, "भावोजींचा सिद्धांत विचार करण्याजोगा आहे" एवढंच लिही आणि सुलूच्या नावाने पाठव. तुझं ती ऐकते.

ता. क. २ (सुलूताई लिहितेय) : उदय, पाकीट चिकटवायला माझ्याकडेच दिलं होतं. शिक्काबिक्का काही मारू नकोस. पंढरीनाथ भाऊंचं म्हणणंही मला फारसं पटलेलं नाही. पण चादर घडी करताना त्यांनी विचारलं, "वहिनी, तुम्हाला काय वाटतं?" यांनी वर्षभरात एकदाही विचारलं नाही.

ता. क. ३ : पोस्टात टाकायला घेतलं तर पाकीट उघडंच होतं, वाचलं. उदय, शिक्का राहू दे. प्रकाशाबद्दल तिला काय वाटतं, तेवढं विचारून मला कळव. ती इथेच स्वयंपाकघरात आहे, पण दोनदा दारापर्यंत जाऊन आलो, विचारायला जमलं नाही.